गोळ्यांचा वानोळा

अर्धं केल्याशिवाय गयाला काही खाता येत नव्हतं. सीताफळ असो, भाकर असो, प्रसादाचं केळ असो, तिचा हात आधी मधोमध जायचा. अर्धं कुणाला द्यायचं ते मागून ठरायचं. समोर कुणी नसलं तर ओट्यावर येऊन उभी राहायची अन् गल्लीतून जाईल त्याला हाक मारायची. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला तिनं अर्धी पुरणपोळी हातावर ठेवली. तो बिचारा म्हणला, "मावशी, मला साखरेचा त्रास हाय."

ही म्हणली, "म्हणून तर अर्धीच दिली."

ती माझी बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं. मी गिरणीवाला माणूस, चौथी शिकलेला, लिहिणं माझं काम न्हाई. पण गल्लीतल्या बाया तिची आठवण काढतात अन् शेवटी एकच बोलतात, "काकूचं मन लई मोठं, त्यापायीच गेल्या." ते मला खपत नाही. मन मोठं असल्यानं माणूस मरत नसतो. ती खोट्या गोळीनं मेली. ते नीट सांगितलं पाहिजे, म्हणून लिहितो.

नांदेडात जुन्या वस्तीत आमची पिठाची गिरणी होती. पुढं गिरणी, मागं घर, मधी पत्र्याची भिंत. गया भिंतीपलीकडं भाकरी थापत बसायची अन् नुसत्या आवाजावरून ओळखायची की इकडं काय दळून राहिलं. "आवं, ज्वारी संपली. गहू टाकायच्या आधी दगड झाडा, शेजारच्या शकीलाभाभीच्या गव्हात ज्वारी जाईल!" मला गिरणीपायी कमी ऐकू यायचं, म्हणून ती ओरडून बोलायची, अन् मी ओरडून उत्तर द्यायचो. नवीन माणसाला वाटायचं, हे दोघं आज एकमेकाचा जीव घेणार. आम्ही मीठ जास्त झालं का कमी झालं, एवढंच बोलत असायचो.

आमच्याकडं शेतात पहिल्यांदा काही आलं की ते आधी चार घरी जातं. हुरडा, शेंगा, बोरं, काकडी. त्याला वानोळा म्हणतात. आम्हाला शेत कधीच नव्हतं, पण गल्लीत वानोळा सगळ्यात जास्त आमच्या घरून जायचा. दळायला येणारे लोक हिच्यासाठी काहीबाही आणायचे अन् ही ते तिथल्या तिथं वाटून टाकायची. एकदा अर्धापूरच्या एका शेतकऱ्यानं केळीचा अख्खा घड आणून दिला. मी म्हणलो, आज पोटभर केळी खाईन. गिरणी बंद करून मागं गेलो तर परातीत नुसता दांडा.

"गया, केळी कुठं हायेत?"

"ज्याच्या त्याच्या घरी."

"आन् माझी?"

"दांडा ठेवलाय की," म्हणली. मग माझं तोंड बघून हसली अन् पदराखालून एक केळ काढलं. ते पण अर्धंच होतं.

कुणाचा डबा आमच्याकडून रिकामा गेला नाही. पीठ नेऊन डबा परत आला तर त्यात कढीपत्त्याची काडी तरी असायची. काहीच नसलं घरात तर चिमूटभर साखर. ही रीत सगळ्याच बायांची, पण हिच्या अंगात ती जरा जास्तच भिनली होती.

ती काही देवमाणूस नव्हती, हेही सांगून टाकतो. तिला 'न्हाई' ऐकून घेता येत नव्हतं. तिनं दिलेलं कुणी परत केलं, किंवा तिनं मागितलेलं कुणी दिलं नाही, की तिच्या डोक्यात तिडीक जायची. तिच्या हिमायतनगरच्या बहिणीनं एकदा दात दुखतात म्हणून लाडू परत केला, तर पुढच्या दिवाळीपर्यंत ही तिच्याशी बोलली नाही. म्हणायची, "दात दुखतो तर चुरून खावा. परत कामून करावा?"

मग माझ्या छातीत पीठ बसलं. खोकला जाईना. गिऱ्हाईकही कमी झालं होतं, कुणी पाकिटाचं पीठ आणू लागलं, कुणी घरातच छोटी गिरणी घेतली. आमची एकुलती लेक सुमन लातूरला असते, शिकायला आलेल्या पोरांची मेस चालवते. ती आली अन् म्हणली, "बापू, आता बास." मोटार विकली, दगड काढले, पट्टा गुंडाळून माळ्यावर टाकला.

पहिल्याच दिवशी दुपारी गया बाहेर आली अन् म्हणली, "आवं, काहीतरी वाजून राहिलं."

"काय वाजतंय? गिरणी तर गेली."

तिनं छातीवर हात ठेवला. "हे. हे आधीपासून वाजत होतं का?"

सगळा जन्म तिचा गिरणीच्या आवाजाखाली गेला. तिला तिचं काळीज कधी ऐकूच आलं नव्हतं. आता ते ऐकू आलं अन् ती घाबरली. घाबरली की ते अजून जोरात वाजायचं. घाम यायचा, हात गार पडायचे, म्हणायची, "आता मी मरते, सुमीला बोलवा." थोड्या वेळानं आपोआप उतरायचं. मग लाजायची अन् चहा टाकायची.

दवाखान्यात नेलं. छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणले, "काकू, काळीज चांगलं आहे. ही भीती आहे. घाबरण्याचा आजार असतो, त्यालाही औषध असतं."

ही चिडली. "मला कशाची भीती? म्या काय कुणाची चोरी केली?"

डॉक्टर हसले. भला माणूस. तिला श्वास हळूहळू सोडायला शिकवलं, रोज फिरायला सांगितलं अन् एक बारीक गोळी लिहून दिली. म्हणले, "ही थोड्याच दिवसांसाठी आहे. मी सांगेन तशी कमी करायची. मनानं वाढवायची नाही. मनानं एकदम बंद करायची नाही. अन् दुसऱ्या कुणाला द्यायची नाही." गयानं पहिल्या दोन गोष्टींना मान हलवली. तिसरी ऐकून माझ्याकडं बघितलं. बाहेर आल्यावर म्हणली, "बघा, गोळीसुद्धा एकटीनंच खायची म्हणे."

गोळीनं गुण आला, खोटं कशाला बोलू. झोप लागू लागली. सकाळी नदीवर फिरून यायची, येताना कुणाच्या तरी परसातला शेवगा घेऊन यायची. पुढच्या खेपेला डॉक्टरनं गोळी अर्धी केली तर खूश झाली. "आता कुठं रीतीचं झालं," म्हणली. पण मग तिच्या भाच्याचं लग्न निघालं. हिमायतनगरला गेली, तिकडंच रमली, दवाखान्याची तारीख टळली, गोळ्या संपल्या. एकदम बंद पडल्यावर धडधड पहिल्यापेक्षा जास्त झाली. घरी आली ती छाती धरूनच.

गल्लीच्या तोंडाशी शिवलिंगअप्पाचं मेडिकल आहे. कपाळाला विभूती, आवाज मऊ, माणूस सरळ. त्यांच्या घरचं दळण त्यांच्या आईपासून आमच्याकडं. गया मला घेऊन तिथं गेली.

"अप्पा, ती माझी धडधडीची गोळी द्या."

"शरणार्थ वैनी. चिठ्ठी?"

"मागं तुम्हीच दिल्या की."

"त्या चिठ्ठीवरच्या दिल्या. ह्या गोळीला नवीन चिठ्ठी लागते. उद्या डॉक्टरकडं जाऊन या, रिक्षा मी बोलावतो."

"अप्पा, तुमचं दळण यायचं तवा मी कधी म्हणले का, ज्वारी कुणाची हाय त्याची चिठ्ठी आणा?"

"ज्वारीनं माणूस मरत न्हाई, वैनी."

"मग मी मरायलेय का?"

अप्पानं हात जोडले. "हवं तर राग माना. पण गोळी न्हाई देत."

ही तरातरा घरी आली. अप्पाच्या दुकानाचं कॅलेंडर भिंतीला होतं, ते उलटं करून टांगलं. तारीख बघायची तर मला ते फिरवावं लागायचं. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला कागद मागावा, हे तिला फार लागलं. तिच्या लेखी अप्पानं औषध नाकारलं नव्हतं, ओळख नाकारली होती.

पलीकडच्या ओळीत तुळसाबाई राहते, भजनात गयाच्या शेजारी बसणारी. तिच्याकडं एक पाव्हणा यायचा मोटारसायकलवर. पांढरा शर्ट, गोड बोलणं. डिक्कीतून औषधं काढायचा, गुडघ्याची, साखरेची, झोपेची. म्हणायचा, कंपनीतून थेट आणतो, मधी दुकानदार नाही, म्हणून स्वस्त. चिठ्ठी मागायचा नाही, बिल द्यायचा नाही. गयानं गोळीचं नाव सांगितलं अन् त्यानं हातावर ठेवली. तेच नाव, तीच चंदेरी पट्टी, वर तीच निळी रेघ.

गया मला म्हणली, "ह्याला म्हणतात माणूस. वरून विचारलं, मावशी, तब्येत कशी हाय."

त्या पाकिटानं काहीच झालं नाही. खडू खाल्ल्यासारखं. धडधड तशीच, हातपाय अजून कापायला लागले. पाव्हणा परत आला तेव्हा तिनं तक्रार केली. तो म्हणला, "मावशी, तुमच्या अंगाला सवय झाली. ह्या नवीन पाकिटातल्या दोन घ्या." अन् नवीन पाकीट देऊन गेला.

संध्याकाळी मी बघितलं तर गया गिरणीतली पोत्याची सुतळी कापायची जुनी कात्री घेऊन ओट्यावर बसलेली. गोळ्यांच्या पट्टीचे तुकडे करत होती.

"काय करायलीस?"

"शकीलाभाभीचा पोरगा परदेशी गेल्यापासून तिला झोप न्हाई. तुळसाला घाम फुटतो. सुमीला मेसचं टेन्शन. माझी धडधड अन् त्यांची धडधड काय येगळी हाय?"

"डॉक्टर काय म्हणले होते?"

"डॉक्टरला बाया कळत नसतात," म्हणली अन् कात्री चालवली. सगळ्यात सरळ कापलेला, अक्षरं असलेला तुकडा शकीलाभाभीला. मधला तुळसाला. एक तुकडा शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात ठेवला. लातूरला कुणी जाणारं भेटलं की सुमनसाठी डबा जायचाच. स्वतःला राहिला तो वेडावाकडा तुकडा, त्यावर एक अक्षर नव्हतं. तो कुंकवाच्या करंड्यात टाकला.

सकाळी उठवायला गेलो तर उठेना. घोरणं चालू होतं, पण वेगळंच, मधीच थांबायचं. उशीवर उलटी झालेली. हाक मारली की डोळा अर्धा उघडायचा अन् मिटायचा. गालाला हात लावला तर गार. मी ओरडलो. जन्मभर ओरडून बोललो तिच्याशी, पण त्या दिवशी माझं ओरडणं तिच्यापर्यंत गेलं नाही.

रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात आणली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चटकन नळी लावली, मास्क लावला, मग मला विचारलं, "काय खाल्लं?"

"धडधडीची गोळी. दोन."

"कुठली? पाकीट आणलंय?"

मी करंड्यातला तुकडा दिला. त्यांनी उलटापालटा केला. "आजोबा, ह्यावर नाव नाही, नंबर नाही, तारीख नाही. बाकीचं पाकीट कुठं आहे?"

"गल्लीत हाय."

"गल्लीत म्हणजे?"

"तिनं वानोळा दिला."

त्या बाई म्हणल्या, "आधी जा. सगळे तुकडे गोळा करून आणा, फेकायचे नाहीत. अन् ज्यांनी खाल्ली असेल त्यांना इथं घेऊन या. चालत-बोलत असले तरी घेऊन या."

मी आयुष्यभर गयानं वाटलेलं कधी परत मागितलं नव्हतं. त्या दिवशी दारोदार मागत फिरलो.

शकीलाभाभी दारात तांदूळ निवडत होती. मी म्हणलो, "भाभी, गयानं दिलेली गोळी खाल्ली का?"

"नै भैया. कल खाने वाली थी, बेटे का फोन आया, बातां करते करते भूलीच गई. क्या हुआ?"

मी सांगितलं. ती झटक्यात उठली. सूप लवंडलं, तांदूळ सांडला. "मैं बच गई करके खुश होऊं, के रोऊं? तुमीच बोलो."

मग आत जाऊन तिनं तो तुकडा आणला. आमच्याच वाटीत. वाटीत तुकड्याशेजारी एक लिंबू होतं.

"हे कामून, भाभी?"

"काकू की कटोरी है," डोळे पुसत म्हणली. "खाली कैसी देऊं?"

तुळसाबाईनं खाल्ली होती, एक. भिंतीला टेकून बसली होती, जीभ जड. म्हणली, "उपासानं चक्कर येऊन राहिली." मी तिला अन् तिच्या सुनेला रिक्षात बसवलं. वाटेत विचारलं, "त्या पाव्हण्याचं गाव कोणतं?"

"म्हाईत न्हाई."

"नाव?"

"समदे पाव्हणाच म्हणतात."

"मग तुझा पाव्हणा कसा झाला तो?"

ती म्हणली, "चहा पिऊन जायचा की."

त्याचा फोन लागला नाही. नंतरही कधी लागला नाही.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर तुकडे जोडून बघितले. नाव बरोबर होतं, सगळं बरोबर होतं. पण ओलं बोट फिरवलं तर छापलेली तारीख पुसली गेली, अन् एका गोळीचा रंग दुसरीपेक्षा पिवळट निघाला. म्हणल्या, "ही नकली दिसते. आत काय आहे ते तपासणीतच कळेल. पहिल्या पाकिटात बहुतेक काहीच नव्हतं, म्हणून त्यांचा त्रास वाढला. ह्या पाकिटात काहीतरी भलतंच जास्त आहे."

मी म्हणलो, "बाई, आम्हाला कळलंच न्हाई. सारखीच दिसत होती."

त्या म्हणल्या, "नुसतं बघून मलासुद्धा कळलं नसतं, आजोबा. हुबेहूब करतात. म्हणून कुठून घेतली, चिठ्ठीवर घेतली का, बिल आहे का, हेच बघायचं असतं. डिक्कीतली नको, मोबाइलवर कुणीही विकतो ती नको, अन् शेजारणीचीही नको." मग आवाज बारीक करून म्हणल्या, "तुकडे आणलेत ते बरं केलं. ते आम्ही औषध खात्याकडं पाठवतो. अजून कुणाकडं गेली असेल."

तुळसाबाईला रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी ती चालत घरी गेली. गया दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. पण झोपेत झालेली उलटी छातीत गेली होती, त्यानं न्यूमोनिया धरला. मास्कमधून आवाज येत नव्हता. मी कान तोंडाजवळ नेला. माझे कान हे असे. तिनं दोनतीनदा सांगितलं तेव्हा कळलं.

"सुमी. चटणी."

त्या धांदलीत चटणीचा डबा माझ्या ध्यानातच राहिला नव्हता, अन् तो गेला हे तर माहीतच नव्हतं. भजनातल्या एका बाईबरोबर तिनं तो त्याच संध्याकाळी लातूरला पाठवला होता. अन् सुमनला मी आईचं कळवलं नव्हतं, आज कळवू, जरा बरं वाटू दे, असं करत राहिलो होतो. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. गया माझ्या तोंडाकडं बघत होती. परत लावला.

"बापू, पोळ्या चालू हायेत, नंतर बोलते."

"सुमे, ठेवू नको. चटणीच्या डब्यातली गोळी खाल्ली का?"

"म्या? न्हाई. मला कुठं झोपायला येळ हाय? शेजारच्या मामींना दिली, त्यांना झोप येत न्हाई म्हणून. अर्धा तुकडा ठेवलाय."

"तू तुझ्या मायचीच लेक हायेस," मी म्हणलो अन् सगळं सांगितलं. तिनं फोन तसाच चालू ठेवला अन् पळाली. मला तव्यावर पोळी करपल्याचं कुणीतरी ओरडलेलं ऐकू आलं, दार आपटलेलं ऐकू आलं, मग काहीच नाही. इकडं गयाचा हात माझ्या बाहीवर. तिच्या मुठीत जोर नव्हता, पण बाही सोडत नव्हती.

मग धापा टाकत सुमन बोलली, "बापू, मामींनी खाल्ली न्हाई. त्यांच्या सुनेनं हातातून काढून घेतली, म्हणली, हिची चिठ्ठी कुठं हाय? देवापाशी ठेवलीय."

मी गयाच्या कानाशी ओरडलो, "लातूरला कुणीच खाल्ली न्हाई! सगळी सापडली!" सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. गयानं डोळे मिटले. कडेनं पाणी कानात गेलं, ते मी पुसलं.

सुमन त्याच दिवशी आली, डब्यात तुकडे घेऊन. डब्यात वर दोन धपाटे होते.

पुढचे दिवस कधी बरे, कधी वाईट. शिवलिंगअप्पा भेटायला आले. दारावरचा माणूस पास असल्याशिवाय आत सोडत नव्हता, अप्पा बराच वेळ बाहेर उभे होते. आत आले तसे गयानं मास्क बाजूला केला अन् म्हणली, "अप्पा, चिठ्ठी आणली का?"

अप्पा म्हणले, "आणली, वैनी. तुम्हाला बघायलासुद्धा चिठ्ठी लागायली आता."

ती हसली. हसताना खोकला आला, सिस्टर रागावली. खोकला बसल्यावर म्हणली, "तुमचा राग आला होता मला."

"ठाऊक हाय. दारातून दिसत होतं क्यालेंडर."

"सरळ करायला सांगते ह्यांना." मग म्हणली, "आन् तुळसाला कुणी बोलू नका. तिच्या घरी जाऊन चहा प्या. तिला काय म्हाईत."

मी घरी जाऊन कॅलेंडर सरळ केलं. तुळसाच्या घरी चहाही प्यालो. गोड लागला नाही, पण प्यालो.

आता आमच्या गल्लीत कुणी पट्टी कापत नाही. शकीलाभाभी झोपेसाठी डॉक्टरकडं जाऊन आली, तिला गोळी लागलीच नाही, बोलूनच बरं वाटलं. बाया अप्पाकडं चिठ्ठी घेऊन जातात अन् बिल मागून घेतात. मला एकट्यानं राहायची अजून सवय झाली नाही. दुपारी ओट्यावर बसलो की मलाही माझं काळीज ऐकू येतं. मला, बहिऱ्याला. सुमननं त्याच डॉक्टरकडं नेलं. ते म्हणले, "बोलत जा लोकांशी." म्हणून बोलतो.

तिला मी शेवटचं जिवंत बघितलं ते दवाखान्यात, भेटायच्या वेळेला. शेजारच्या खाटेवर किनवटकडची एक म्हातारी होती, तिच्याजवळ कुणी नव्हतं. सुमननं आईसाठी केळ आणलं होतं. गयाला गिळवत नव्हतं, पण तिनं केळ हातात घेतलं, साल सोललं अन् सवयीनं मधोमध मोडलं. अर्धं म्हातारीकडं केलं. म्हातारीनं हात पुढं केला.

तेवढ्यात गयानं आपला हात मागं घेतला.

"सिस्टर," ती म्हणली. आवाज फुटत नव्हता, परत म्हणली, "सिस्टर, हिला चालंल का?"

सिस्टर पलीकडच्या टोकाला कुणाचं तरी सलाईन लावत होती. म्हणली, "थांबा मावशी, आले."

तेव्हाच भेटायची वेळ संपली अन् दारावरच्या माणसानं आम्हाला बाहेर काढलं. मी वळून बघितलं. दोन्ही म्हाताऱ्या सिस्टरकडं तोंड करून गुमान बसल्या होत्या. गयाच्या एका हातात अर्धं केळ, दुसऱ्या हातात अर्धं. अन् ती वाट बघत होती, कुणीतरी हो म्हणायची.